‘लाखाची नोकरी सोडून गावात’ ही बातमी मी आता लिहिणार नाही

परवा रात्री डेस्कवरून फोन आला. "रविवारच्या पुरवणीला एक पॉझिटिव्ह स्टोरी दे. शहर सोडून गावात राहायला आलेलं एखादं कुटुंब बघ तुमच्या तालुक्यात. चूल, गाय, चिखलात खेळणारी पोरं असे फोटो पाठव. असलं जाम चालतं सध्या."

चालतं हे मला चांगलं माहीत आहे. २०२१ साली मीच चालवलं होतं.

डोंबिवलीचं कुटुंब. नवरा आयटीत, बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मुलगी दुसरीत, मुलगा अजून बालवाडीतही नाही. लॉकडाऊनमध्ये आजोबांचं बंद पडलेलं चिऱ्याचं घर उघडलं, कौलं परतली आणि इथंच राहायचं ठरवलं. मी गेलो, चहा प्यालो, फोटो काढले आणि ‘लाखाच्या पगारावर पाणी सोडून कोकणात फुलवली वाडी’ असं हेडिंग दिलं. अर्ध्या महाराष्ट्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी फिरली.

आता खरं सांगतो. त्यांना येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. फोटोतली माडाची झाडं त्यांच्या आजोबांनी लावलेली होती. त्यांची स्वतःची म्हणाल तर लाल माठाची दोन वाफ्यांएवढी भाजी. ‘फुलवली’ हा शब्द माझा. त्या दोघांनी असा काही दावा केला नव्हता.

आज ते घर तसंच आहे आणि घरात तो एकटा आहे. बायको आणि दोन्ही पोरं २०२४ च्या जूनपासून तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडमागं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. शनिवारी शाळा सुटली की तो मोटारसायकलवरून येऊन त्यांना घेऊन जातो, सोमवारी पहाटे आणून सोडतो. ही बातमी मी दिली नाही. मागितलीही कुणी नाही. यशोगाथेचा दुसरा भाग कुणाला नको असतो.

आता खाली कमेंट येणार, "शहरातल्या लोकांना जमतच नाही हो गावात." थांबा. इथंच माझं भांडण आहे.

त्यांना जमलं. पहिल्या पावसात कपाटातल्या कपड्यांना बुरशी आली, चामड्याचे बूट हिरवे झाले, इन्व्हर्टर जळला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे भूगोलात वाचणं वेगळं आणि जुलैत ओली लाकडं फुंकत बसणं वेगळं. दुसऱ्या वर्षी तिनं मे महिन्यातच बेगमी केली. लाकडं, गोवऱ्या, सुकी मासळी, कुळीथ, कोकमं सगळं भरून ठेवलं. शेजारच्या काकींबरोबर तरवा काढला, गुडघाभर चिखलात वाकून लावणी केली. लाकडं उचलण्याआधी काठीनं ठोकायची, खाली फुरसं असतं, हे तिला आता कुणी सांगावं लागत नाही. वाडीतल्या सात-आठ म्हाताऱ्यांचं बीपी आणि साखर तपासून ती वहीत लिहून ठेवायची. त्या म्हाताऱ्या तिची वाट बघायच्या. ‘काय गो, आज यायला उशीर केलास?’ असं तिला विचारलं जायचं. पाहुणीला कुणी असं विचारत नाही.

म्हणजे माणसं टिकली. मग अडलं कुठं?

पहिलं, जमीन. सातबारावर आजोबांच्या पश्चात पस्तीस नावं. कुणी लालबागला, कुणी नालासोपाऱ्याला, एक दुबईला, दोन आत्यांचा पत्ताच नाही. जमीन महसूल संहितेचं कलम ८५ आहे, सगळ्या हिस्सेदारांची संमती असेल तर तहसीलदार वाटप करून देतात. ही संमती गोळा करता करता कोकणात माणसं म्हातारी होतात. विहिरीसाठी योजनेचा अर्ज केला की पहिला प्रश्न, बाकीच्यांची संमती कुठाय? तो चार वर्षं ती जमीन कसतोय, पण कागदावर पस्तिसातला एक. एप्रिल-मे आला की पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावर.

दुसरं, जनावरं. नाचणी पोटरीत आली की रात्री डुकरं, नारळ कोवळे धरले की दिवसा वानर. नुकसानभरपाईची सोय आहे, पंचनामा होतो. पण पंचनामा मिळालेल्या नुकसानीचा होतो, न पेरलेल्या शेताचा होत नाही. आमच्याकडे निम्म्या लोकांनी पेरायचंच सोडलंय. हे कुठल्या रजिस्टरला येतं?

तिसरं, दवाखाना. एका जुलैत मुलाला ताप चढला. साकवावरून पाणी वाहत होतं. अलीकडे ताप, पलीकडे डॉक्टर, मध्ये नदी. पाणी उतरायला चार तास लागले. पोरगं वाचलं, पण त्या चार तासांनंतर ती बाई रात्री पाऊस वाढला की उठून बसते. तिनंच मला सांगितलं, "दादा, मला सापाची भीती वाटत नाही आता. साकवाची वाटते."

आणि चौथं, शाळा. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पट सात. त्यातली दोन पोरं यांची. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. आमची शाळा चौथीला संपते. पुढची सहा किलोमीटरवर, आणि एसटी शाळेच्या वेळेला नाही. मुलगी चौथी पास झाली आणि त्या घराचा निर्णय झाला. मुलगी गेली म्हणजे आई गेली, आई गेली म्हणजे धाकटाही गेला. साताची पाच झाली.

२०२३ मध्ये वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायची कल्पना पुढं आली. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. मोठी शाळा, जास्त शिक्षक, खेळाचं मैदान, कागदावर सगळं बरोबर. पण सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीवरचं सहा वर्षांचं पोर जुलैत त्या शाळेत पोचणार कसं, हे आधी सांगा. गाडी येईल म्हणता? साकवावरून?

आता जरा मागं जातो, कारण हा विषय माझ्या घरचा आहे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप मोडला आणि हजारो कुटुंबं कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतली. माझे वडील त्यातले एक. मी तेव्हा रांगत होतो. परळची खोली भावाला देऊन, आईच्या दोन पाटल्या विकून ते गावी आले आणि जी जमीन दिवाळी-शिमग्याला फक्त बघायची सवय होती ती कसायला लागले. त्यांनाही चिखल, पाऊस, पस्तीस हिस्सेदार आणि साकव हेच सगळं होतं.

पण त्यांच्यावर कुणी पुरवणी काढली नाही. त्यांना कुणी ‘मुळांकडे परतलेला’ म्हणालं नाही. गावात त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं, ‘हरून आला.’ मार्च २०२० नंतर बॅगा घेऊन आलेल्या चाकरमान्यांना तर आम्ही गावच्या वेशीवर अडवलं, शाळेत क्वारंटाइन केलं. त्यांच्यावरही रील झाले नाहीत.

म्हणजे परतणं तेच, वाट तीच, पाऊस तोच. फरक एवढाच की एकाच्या खात्यात पैसे आहेत आणि परत जायला शहरात फ्लॅट आहे. ज्याला परतीचं तिकीट आहे त्याचं कष्टाचं जगणं ‘साधी राहणी’ ठरतं. ज्याला नाही त्याच्या त्याच जगण्याला आपण दारिद्र्य म्हणतो. आणि हा भेद कुणी केला? आम्ही. माझ्यासारख्या पत्रकारांनी.

म्हणून ‘लाखाची नोकरी सोडून’ हे तीन शब्द मला आता टोचतात. त्या बातमीत कौतुक गावाचं नसतंच, सोडलेल्या पगाराचं असतं. शेजारच्या काकी चाळीस वर्षं तीच चूल फुंकतायत, त्यांनी काहीच सोडलं नाही, म्हणून त्या बातमी नाहीत. आणि या बातमीचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला होतो सांगू? ज्यांनी रस्ता, शाळा, दवाखाना द्यायचा त्यांना. जिद्दीनं सगळं होतं असं एकदा छापून आलं की ज्यांचं झालं नाही त्यांची जिद्द कमी पडली, एवढाच अर्थ उरतो. साकव कुणाच्या जिद्दीनं उंच होत नाही. त्याला इस्टिमेट लागतं, मंजुरी लागते, सिमेंट लागतं.

आता दुसऱ्या बाजूलाही थोडं. सगळेच येणारे या कुटुंबासारखे नसतात. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला तो कसणाऱ्याच्या हातात जमीन यावी म्हणून. त्या कायद्याला वळसे घालून काय काय चालतं ते तलाठ्यापासून एजंटापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मग वीकएंडचं ‘फार्म’ उभं राहतं. जुना गडगा पाडून तारेचं कुंपण येतं, आणि कुंपणात पिढ्यान्‌पिढ्यांची पाखाडी जाते. विहिरीवर जायची, देवळात जायची, मयत न्यायची वाट बंद. मालक मुंबईत, गेटला कुलूप, आतून कुत्रा भुंकतोय. १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्यानं अशी अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात, हे किती गावकऱ्यांना माहीत आहे? बातमी द्यायचीच तर ही द्यावी.

गावकऱ्यांनाही एक बोलतो, राग येईल. येणाऱ्याला आपण दोनच जागा देतो, साहेब नाहीतर बकरा. मजुरी दुप्पट सांगायची, पाठीमागं हसायचं, आणि देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती मात्र मोठ्यात मोठी फाडायची. त्या बाईनं शाळेचा विषय ग्रामसभेत काढला तेव्हा "तुम्ही आत्ता आलात" असं एकजण म्हणाला. शाळा वाचवायला आलेल्या माणसाला त्याचा मुक्काम किती वर्षांचा ते विचारायचं? त्या सभेला मी होतो. मीही गप्प बसलो.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बाहेरूनच आले होते, मराठवाड्यातून. महाड तालुक्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी करताना लाल विंचवाच्या दंशानं दगावणारी माणसं त्यांनी पाहिली, प्राझोसिनचा उपचार शोधला आणि तो जगभर गेला. इथं कोण कुठून आला हा प्रश्न कधीच महत्त्वाचा नव्हता. आल्यावर त्याला इथलं दुखणं दिसलं का, आणि ते दुखणं बघायला त्याला टेबल-खुर्ची मिळाली का, हे महत्त्वाचं. त्यांना सरकारी केंद्र होतं, नोकरी होती. नुसत्या प्रेमावर कुणी विंचू उतरवला नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच.

गावी राहायला येताय? या. पण रील काढायच्या आधी मतदार यादीत नाव घाला, ग्रामसभेला बसा, पोरं गावच्या शाळेत घाला आणि जुनी वाट मोकळी ठेवा. एवढं केलंत तर तुम्ही गावचे. मग गाय पाळा नाहीतर पाळू नका.

गावात असाल तर येणाऱ्याला माणसासारखं वागवा. सातच्या पटात दोन पोरं म्हणजे काय हे ती गेल्यावर कळून उपयोग नाही.

आणि लोकप्रतिनिधींनो, ‘रिव्हर्स मायग्रेशन’वर भाषण करायच्या आधी वाडीवरच्या शाळेत पाचवीचा वर्ग आणि शाळेच्या वेळेला एक एसटी, एवढं करा. शहरातून आलेल्या एका घरासाठी नको. जी घरं कधी गेलीच नाहीत त्यांच्यासाठी करा. ती घरंही आता तालुक्याला दोन खोल्या शोधतायत. स्टँडमागच्या त्या चाळीत त्या बाईच्या दोन्ही बाजूला आमच्याच वाड्यांवरच्या आया पोरं घेऊन राहतात. कुणाच्या शाळेसाठी, कुणाच्या दहावीसाठी. गावाकडं म्हातारा-म्हातारी आणि कुलूप. शहर सोडून आलेली आणि गाव सोडून निघालेली अशी दोघंही शेवटी एकाच नळावर भेटली.

डेस्कला मी हीच स्टोरी देऊ का म्हणून विचारलं. "जरा निगेटिव्ह आहे रे," म्हणाले, "बघू." म्हणून इथं लिहिली.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. पाचवीचा वर्ग, एसटीची वेळ आणि साकव हे तीन विषय अजेंड्यावर घ्या म्हणून मी आणि त्यानं लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तुमच्या गावातही हेच दुखणं असेल तर ग्रामसेवकाकडं आत्ताच लेखी द्या, सभेत तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही. यावेळी मी गप्प बसणार नाही. आमच्या पंचक्रोशीतले जे हे वाचतायत त्यांनी लाइक नाही केलं तरी चालेल, सभेला या.