मी आणि माझी दुसरी प्रत

प्रवासाने आंबलेल्या माणसाला एक स्वप्न हमखास पडते. डोळे मिटावेत आणि उघडावेत ते थेट मुक्कामी. १९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, तेव्हा हे स्वप्न पडद्यावर आले. दर भागात अंतराळयान ग्रहावर उतरवण्याचे चित्रण परवडणारे नव्हते. म्हणून माणसेच इथे विरघळवायची आणि तिथे उभी करायची, अशी निर्मात्यांनी सोय काढली. प्रेक्षकांना गंमत वाटली. तत्त्वज्ञांना मात्र एक जुना प्रश्न नव्या वेषात भेटला: तिथे उभा राहिलेला तो मीच का?

ऑक्सफर्डचे डेरेक परफिट (१९४२-२०१७) यांनी १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात तो असा मांडला. पृथ्वीवरचे यंत्र तुमच्या देहातील पेशीन् पेशीची नोंद घेते, देह नष्ट करते आणि ती नोंद मंगळावर पाठवते. तिथले यंत्र नव्या द्रव्यातून तुम्हाला पुन्हा घडवते. मंगळावर जाग आलेल्या माणसाला तुमचे बालपण आठवते. सकाळी दाढी करताना ओठावर झालेली जखमही जागच्या जागी असते. मग एके दिवशी सुधारित यंत्र येते. ते देह नष्ट न करताच नोंद घेते. तुम्ही पृथ्वीवर, आणि दुसरे तुम्ही मंगळावर! त्यातच कळते, की या यंत्राने तुमच्या हृदयाला इजा केली आहे आणि तुम्ही थोड्या दिवसांचे सोबती आहात. मंगळावरचा धीर देतो: तुझ्या बायकोवर माझे प्रेम आहे, मुलांना मी सांभाळीन, तुझे अर्धे राहिलेले पुस्तकही पुरे करीन. परफिट यांच्या मते ही स्थिती आपण स्वतः जगत राहण्याइतकीच जवळजवळ चांगली आहे. आठवणींचा आणि स्वभावाचा धागा पुढे चालू राहिला की पुरे. ‘तो मीच का?’ याला फारसे महत्त्व नाही.

खरे विज्ञान कुठवर आले आहे? १९९३ मध्ये चार्ल्स बेनेट आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी पुंज-दूरप्रेषणाची रीत कागदावर मांडली. १९९७ मध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे अँटन झायलिंगर यांच्या गटाने प्रकाशकणांवर ती करून दाखवली. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जमिनीवरून उपग्रहापर्यंत, १,४०० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर तेच साधले. पण यात कण जात नाही, कणाची अवस्था जाते. आणि ती तिकडे उमटते तेव्हा इकडची पुसली गेलेली असते. अज्ञात पुंज-अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले होते. बँकेत मुदत ठेवीची पावती हरवली, तर दुसरी देण्यापूर्वी हमीपत्र घेतात आणि पहिली रद्द धरल्याची नोंद करतात. निसर्गाची खतावणीही तशीच चोख आहे. मात्र माणसाच्या आठवणी आणि स्वभाव टिकायला प्रत्येक कणाची अवस्था तंतोतंत लागते, असे दिसत नाही. त्यामुळे परफिट यांचे कोडे निसर्गाच्या या नियमाने सुटत नाही.

उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे मला या कोड्यात पहिली आठवते ती कर्जवसुली. यंत्रात शिरण्यापूर्वी घेतलेले गृहकर्ज कोण फेडणार? ‘सही जुन्या हाताने केली, माझा हात नवा,’ असे मंगळावरचा म्हणाला तर त्याला सोडायचे? प्रश्न थट्टेचा नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी आपल्या निबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘व्यक्ती’ ही संकल्पनाच न्यायनिवाड्याशी जोडली. त्याच्या कितीतरी आधी पाली ‘मिलिंदपञ्ह’मध्ये भिक्खू नागसेन यवन राजा मिलिंदाला आंबेचोराचा दाखला देतात. चोर म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. राजा सांगतो, तरीही तो दोषीच. कारण हे आंबे त्या आंब्यांतूनच आले. कायम टिकणारा ‘मी’ न मानणाऱ्या परंपरेनेही हिशेब सोडलेला नाही. त्या न्यायाने कर्जाला दोन्ही प्रती संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार. ठेव मात्र दुप्पट होणार नाही!

इथपर्यंत परफिट यांच्याशी माझे भांडण नाही. देणे प्रत फेडील. पण घरच्यांचे काय? महाभारतात दमयंतीच्या स्वयंवराला चार देव नळाचे रूप घेऊन येतात. समोर पाच नळ. खरा कोणता, हे अखेर कळले ते घाम, पापण्यांची उघडझाप, कोमेजलेली माळ आणि सावली यांवरून. परफिट यांच्या प्रतीला घामही येतो, तिची सावलीही पडते. दमयंतीची एकही खूण तिथे उपयोगाची नाही. तरीही, मरणाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बायकोला ‘रडू नका, मंगळावर दुसरे आहेत’ असे सांगून पाहा. तिने ज्याची दुखणीखुपणी काढली, ज्याच्याशी भांडून अबोला धरला, तो हा समोर आहे. मंगळावरच्याला तिने आपले म्हटलेच, तर तो तिचा निर्णय असेल. परफिट यांच्या गोष्टीत तिला कोणी विचारलेलेच नाही.

माझे म्हणणे एवढेच, की ‘मी’ हे एकट्याच्या नावावरचे खाते नव्हे. आईवडील, जोडीदार, मुले, मित्र अशा कितीतरी जणांच्या सह्या त्यावर असतात. एकाच्या सहीने ते दुसरीकडे हलवता येत नाही.

मंगळाचे यंत्र होईल न होईल. गेलेल्या माणसाच्या ध्वनिफिती आणि पत्रे संगणकाला पुरवून त्याच्यासारखी बोलणारी नक्कल मात्र आज तयार करता येते. उद्या ती आपल्या घरात येईल आणि वडिलांच्या आवाजात ‘जेवलास का रे?’ असे विचारील. तिला ओ द्यायची की नाही, हे शास्त्रज्ञ किंवा तत्त्वज्ञ ठरवू शकणार नाहीत. ज्यांच्या सह्या त्या खात्यावर आहेत, त्यांनीच ते ठरवायचे. आणि माणूस हयात असताना, सगळे घरात एकत्र असताना, त्याला विचारूनच ठरवून ठेवलेले बरे.