झाकण मिटलं की यंत्राने झोपावं

लॅपटॉपचं झाकण मिटलं म्हणजे तो झोपला, एवढी साधी अपेक्षाही आता ठेवता येत नाही. सांगलीहून पूर्ण चार्ज करून निघालेला माझा लॅपटॉप स्वारगेटला बॅगेतून काढला, तर हात लाववेना आणि बॅटरी निम्म्यावर. दुरुस्तीवाल्याने पंखा साफ केला, वर बॅटरीही बदला म्हणाला. दोष दोन्हींत नव्हता.

जुन्या ‘एस-थ्री’ झोपेत प्रोसेसर बंद होई, रॅमला तेवढी थोडी वीज मिळे. नव्या ‘मॉडर्न स्टँडबाय’मध्ये पडदा काळा होतो, पण यंत्र अधूनमधून जागं होऊन मेल, अपडेट बघत राहतं. त्यात एखादा ड्रायव्हर अडला, की बंद बॅगेत भट्टी पेटलीच. बऱ्याच मॉडेलांत जुनी झोप निवडायची सोयही कंपन्यांनी ठेवलेली नाही. पैसे आमचे आणि मर्जी त्यांची!

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /ए’ दिलं की कोणती झोप उपलब्ध आहे ते दिसतं. ‘/स्लीपस्टडी’चा अहवाल तर वीज कोणी खाल्ली ते नावानिशी सांगतो, माझ्याकडे वाय-फाय कार्ड निघालं. ड्रायव्हर बदलला, शिवाय पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ लावलं. चालू काम एसएसडीवर उतरतं, वीज जवळजवळ लागतच नाही. उघडायला थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे.

नवा लॅपटॉप घेताना दुकानदाराला रंग आणि रॅमच्या आधी एस-थ्रीचं विचारा. उत्तर बहुधा मिळणार नाही, तरी विचारा.