राघूचं पथ्य

"म्हातारा झालाय हो तो आता, खाऊ दे की त्याला काय हवं ते!"

गेल्या महिनाभरात हे वाक्य मी किमान दहा जणांकडून ऐकलं. म्हणणारी सगळी भली माणसं. शेजारी, नात्यातले, एक तर माझाच जुना विद्यार्थी. आणि दर वेळी मला राग येतो. तो का येतो हे एकदा नीट लिहून टाकावं म्हणून हा प्रपंच.

राघू म्हणजे आमचा पोपट. २००९ च्या मे महिन्यात, माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, वळवाच्या पावसात इथे साताऱ्यात घरामागच्या आंब्याची फांदी मोडली आणि ढोलीतलं पिल्लू चिखलात पडलं. उजवा पंख मोडलेला. चार दिवसांत बरं झालं की सोडून देऊ म्हणून घरात आणलं. पंख जुळला, पण वाकडा. त्या चार दिवसांची सोळा वर्षं झाली. तिसऱ्या वर्षी कंठ फुटला तेव्हा हा राघू आहे, मैना नव्हे, हे कळलं.

इथे एक कबुली द्यायला हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा हिरवा पोपट घरात पाळणं हा गुन्हा आहे. कायदा मला मान्य आहे. बाजारात चोरून विकलं जाणारं प्रत्येक पिल्लू कुठल्या तरी ढोलीतून ओरबाडलेलं असतं. आमचं मात्र पडलेलं होतं, ही सबब मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. वन खात्याला तेव्हाच कळवायला हवं होतं, कळवलं नाही. त्याची किंमत राघूने मोजली, कारण तो आजारी पडल्यावर "डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगायचं?" या विचारात मी तीन आठवडे घालवले.

तो आजारी आहे हे कळलं तरी कसं, तर कुकरची शिट्टी बंद झाली. म्हणजे आमच्या कुकरची नव्हे, राघूची. रोज साडेदहाला तो हुबेहूब शिट्टी काढायचा आणि ही धावत स्वयंपाकघरात जायची. ती शिट्टी थांबली. मग लक्षात आलं, चोच वाढली आहे, तिच्यावर काळपट डाग आहेत, आणि नुसतं बसल्या बसल्या श्वासाबरोबर शेपटी खालीवर होते आहे. पाखरं आजार लपवतात. रानात जो दुबळा दिसतो त्यालाच ससाणा उचलतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ती काही दाखवत नाहीत. आपल्याला दिसतं तेव्हा आजार जुना झालेला असतो.

गावातले डॉक्टर प्रामाणिक. म्हणाले, "सर, मी गाईम्हशींचा डॉक्टर. पुण्याला पाखरांचे डॉक्टर आहेत, तिकडे न्या." मग भाच्याच्या गाडीतून, पिंजऱ्यावर हिचं जुनं लुगडं टाकून, पुण्याला. एक्स-रे झाला, थोडंसं रक्त काढलं. निदान असं की यकृतावर चरबी साठली आहे. फुगलेलं यकृत आतल्या हवेच्या पिशव्यांवर दाब आणतं, म्हणून धाप. या जातीचा पोपट साधारण सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असावा. आमचा भरला १६८!

डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय देता?" आणि ही मोठ्या कौतुकाने सांगू लागली. सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, दुपारी मूठभर शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया तर वाटीत कायमच्या, संध्याकाळी मिरची, रात्री तूप लावलेल्या पोळीचा तुकडा. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेत राहिले. शेंगदाण्यात आणि सूर्यफुलाच्या सोललेल्या बीत वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. रानातला पोपट दिवसभर उडून ते जिरवतो, आमचा दांडीवरून वाटीपर्यंत चालतो. गंमत म्हणजे त्या यादीतली मिरची तेवढी निर्दोष सुटली. पाखरांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही, आणि ती त्यांना चांगलीच.

परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट येईपर्यंत कोणी बोललं नाही. मग ही म्हणाली, "अहो, म्हणजे मीच मारलं म्हणायचं त्याला."

वर्गात काच फुटली की "कोणी फोडली?" हाच पहिला प्रश्न विचारण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे तोंडावर आलंच होतं, "मी सांगत होतो ना!" पण मी काही सांगत नव्हतो. शेंगदाणा पायात धरून सोलतानाची त्याची ऐट मीही चष्मा लावून बघत होतो. त्याला काय हवं हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. खाताना तो छान दिसतो एवढंच पाहिलं होतं. लाड आमचे चालले होते, पाखराचे नव्हे.

म्हणून त्या "खाऊ दे की" वाल्यांचा राग येतो. डॉक्टरांनी बरा होण्याचं वचन दिलं नाही, पण यकृत सुधारू शकतं हे स्पष्ट सांगितलं. अशा वेळी "आता हवं ते खाऊ दे" म्हणणं ही दया कशी? ज्याच्यामुळे आजार झाला तेच पुन्हा वाटीत घालायचं आणि त्याला माया म्हणायचं! माणसांतही हेच पाहतो. मला मधुमेह आहे. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने जिलबी वाढणारे पुष्कळ, दुसऱ्या दिवशी साखर तपासायला कोणी येत नाही.

दुसरं टोकही वाईट. हिने निघाली होती तशी त्याला एकादशी करायला लावली! पण अशा पाखराला उपाशी ठेवलं की अंगातली चरबी सुटून उलट यकृतातच जाते. तेव्हा उपास नाही, जुनं खाणं एकदम बंद नाही, सगळं हळूहळू. बियांची मात्रा थोडी थोडी कमी, आणि शेजारी किसलेलं गाजर, लाल भोपळा, मेथी, मोड आलेले मूग. पहिले आठ दिवस त्याने भोपळा उचलून भिंतीवर फेकला. नवव्या दिवशी, आम्ही बघत नाही असं पाहून, खाल्ला. मुलांचंही असंच असतं, वर्गात समोर उभं राहिलं की एक अक्षर लिहीत नाहीत.

रोज सकाळी सातला, खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन. नोंद मी वहीत करतो, तारीख, वार, ग्रॅम, शेरा. हजेरीपत्रकाची सवय, दुसरं काय! एका दिवसात पाचसहा ग्रॅम उतरले तर आनंद मानायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा, अशी सक्त ताकीद आहे. शेंगदाण्यांची बरणी हिने स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवली, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशी. तो "ए आई, दे" म्हणून ओरडतो तेव्हा ती उठून अंगणात जाते.

शिट्टी अजून परत आलेली नाही. आज सकाळी काटा १६० दाखवत होता. पण राघूने काट्यावरच घाण केली होती, तेव्हा १५९ धरायला हरकत नसावी. शेऱ्यात तसं लिहून ठेवलं आहे.