चंद्रावरचा फोटो खरा की खोटा?

शिरूरचा बाजार असो की दौंडचा फलाट, चार माणसांत चंद्राचा विषय निघाला की एखादा हटकून म्हणतो, "अहो, चंद्रावर कोण जातोय? सिनेमावाल्यांनी काढलेले फोटो ते!" अमेरिकेचे नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते मुंबईलाही येऊन गेले. तरी शंका काही मिटलेली नाही.

शंका घेणे वाईट नव्हे. बियाण्यात एकदा फसलेला शेतकरी पुढल्या हंगामात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवड्याने कोंब मोजतो आणि मगच पेरतो. पण तो नुसती शंका घेऊन बसत नाही, परीक्षाही घेतो. चंद्राच्या फोटोंनाही हीच रीत लावून पाहू.

पहिली शंका अशी, की आभाळ काळे आहे, मग त्यात तारे का नाहीत? चंद्रावर तेव्हा ऊन होते आणि जमीन लखलखत होती. अशा उजेडात कॅमेऱ्याची झापड क्षणभरच उघडावी लागते. तेवढ्यात मंद तारे उमटत नाहीत. रात्रीच्या लग्नात मांडवाच्या झगझगीत दिव्यांखाली काढलेला फोटो पाहा. त्यातही चांदणी दिसत नाही. म्हणून काही लग्न खोटे ठरत नाही.

दुसरी शंका झेंड्याची. वारा नसताना तो फडकला कसा? त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती. दिसतात त्या कापडाच्या चुण्या.

तिसरी शंका सावल्यांची. त्या एका दिशेला का नाहीत? दौंडच्या फलाटाच्या टोकाशी उभे राहून रुळांकडे पाहा. लांबवर दोन्ही रूळ एकमेकांना भिडल्यासारखे दिसतात, पण ते कधी भिडत नाहीत. शिवाय जमीन उंचसखल असली की सावली मोडते. सरी-वरंब्यावर पडलेली काठीची सावली आपण रोज पाहतो.

आणि पाणी नसताना पावलाचा ठसा कसा उमटला? उन्हाळ्यात गाडीवाटेच्या फुफाट्यात अनवाणी चालून पाहा, म्हणजे कळेल.

पण ही झाली समजूत. खरी परीक्षा दुसऱ्याच्या डोळ्यांनी होते. आपले चांद्रयान-२ जुलै २०१९ मध्ये निघाले. त्याच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या भागाने अमेरिकेचे अपोलो-११ जिथे उतरले ती जागा टिपली. माणसांनी तिथे सोडलेला यानाचा खालचा भाग त्या फोटोत दिसतो. म्हणजे साक्ष अमेरिकेची नाही, आपल्याच घरची आहे.

त्याच चांद्रयान-२ चा विक्रम हा उतरणारा भाग सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रावर आदळला. नासाच्या यानाने काढलेले त्या जागेचे फोटो सर्वांना खुले होते. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी घरबसल्या आधीचे आणि नंतरचे फोटो ताडून पाहिले आणि विक्रमचा एक तुकडा शोधून काढला. नासाने डिसेंबर २०१९ मध्ये तो शोध मान्य केला. ज्याची तपासणी कोणीही करावी, असा तो फोटो.

आपल्या जिल्ह्यातलेही एक उदाहरण आहे. शिरूरच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तीस तबकड्यांची. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे शियापरेली यान मंगळावर उतरत होते, तेव्हा त्याचे क्षीण संदेश खोडदला ऐकू आले. उतरण्याच्या थोडे आधी ते थांबले. यान आदळले होते. यश असो की अपयश, ऐकणारे कान अनेक असले की लपवाछपवी चालत नाही.

मग खोटे फोटो नसतातच का? असतात, आणि भरपूर. "दिवाळीच्या रात्री आकाशातून दिसणारा भारत" म्हणून दरवर्षी फिरणारा रंगीत फोटो एका दिवाळीचा नाहीच. अनेक वर्षांच्या दिव्यांच्या नोंदी रंग देऊन एकत्र केलेला तो नकाशा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरल्यावर चंद्राच्या मातीत उमटलेल्या राजमुद्रेचे जे चित्र घरोघरी पोचले, ते एका चित्रकाराने केलेले होते. गाडीच्या चाकावर मुद्रा होती हे मात्र खरे.

तेव्हा मोबाइलवर फोटो आला की तीन प्रश्न विचारावेत. काढला कोणी? कधी? आणि दुसऱ्या कोणी तो ताडून पाहिला आहे का? ढगांचा फोटो, बाजारभाव, औषधाची माहिती, सगळे त्याच मोबाइलवर येते. सगळेच खरे मानणारा फसतो. आणि सगळेच खोटे म्हणणारा पावसाचा इशारा आलेला असताना कांदा उघड्यावर ठेवून झोपतो. नुकसान दोघांचेही होते.