‘तापट माणसालाच अटॅक येतो’ हे नेमकं कुणी ठरवलं?

ओळखीत कुणाला हार्ट अटॅक आला की एक वाक्य ठरलेलं असतं, ‘स्वभावच तापट होता हो त्यांचा.’ कॅन्सर झाला तर, ‘सगळं मनात ठेवायच्या त्या.’ रील्सवरही हेच फिरतं. पण हे आलं कुठून?

टाइप ए म्हणजे काय?

1950 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमधल्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी सतत घाईत असणाऱ्या, पटकन चिडणाऱ्या स्वभावाला ‘टाइप ए’ म्हटलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या 3 हजारांहून जास्त निरोगी पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. टाइप ए वाल्यांना हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट दिसला आणि हा शब्द जगभर पोहोचला.

पण त्याच पुरुषांचा 22 वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा टाइप ए आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचा संबंध दिसला नाही.

यात सिगारेट कंपन्या कुठून आल्या?

कोर्टातल्या खटल्यांमुळे तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. टाइप ए वरच्या संशोधनाला फिलिप मॉरिसने अनेक वर्षं पैसा पुरवला होता, हे त्यातून समोर आलं. फायदा सरळ होता. दोष स्वभावाचा ठरला की सिगारेट सुटते.

लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनाही तंबाखू उद्योगाचा पैसा मिळाला होता. कॅन्सरला सिगारेटपेक्षा स्वभाव जास्त कारणीभूत आहे, असा दावा ते करत. 2019 मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीने त्यांचे 26 शोधनिबंध भरवशाचे नाहीत असं ठरवलं.

मग स्वभावाचा काहीच संबंध नाही?

आहे, पण तो बराचसा सवयींमधून येतो. शिस्तीत राहणारी माणसं सरासरी जास्त जगतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. ती सिगारेट कमी ओढतात, गोळ्या वेळेवर घेतात. सतत इतरांवर राग धरणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका थोडा जास्त आढळतो.

52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने 2004 मध्ये हार्ट अटॅकमागची नऊ मुख्य कारणं सांगितली. त्यात तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, डायबिटीस आणि पोटाचा घेर आहे. मानसिक ताणही आहे, पण तो नवातला एक.

हे आपल्याला का माहीत हवं?

कारण आजारी माणसाला ‘तुझ्या स्वभावामुळेच झालं’ असं ऐकवणं म्हणजे दुखण्यावर अपराधीपणाचं ओझं टाकणं. दुसरा धोका उलट्या बाजूचा. ‘मी तर शांत आहे, मला काय होणार’ म्हणत बरेच जण तपासणीच टाळतात.

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. बीपी आणि शुगरला आहे. घरात शेवटची तपासणी कधी झाली, ते आज विचारून घ्या.