कानबाईची मिरवणूक

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात बेसबॉलचा हंगाम मिरवणुकीने उघडतो. १९२० पासून फिंडले मार्केटचे व्यापारी ती काढत आले आहेत. मुलं आजोबांचा हात धरून जातात आणि पुढे आपल्या नातवंडांना घेऊन येतात.

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या खानदेशी घरांत अशी ओढ श्रावणात दिसते, कानबाईच्या मिरवणुकीची. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसं इथल्या डाईंग-प्रिंटिंग मिलांत आणि यंत्रमागांवर आली. येताना त्यांची कुलदेवता कानबाईही आली.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या पुरुषांच्या संख्येवर गहू मोजून घेतात, दळतात, त्याचे रोट होतात. ते भाऊबंदांतच खायचे, असा दंडक. त्यामुळे चुलत म्हणून दूर राहिलेली घरंही या दिवशी एकत्र येतात. एका खोलीत सोळा-सतरा माणसं मावतात, कशी ते त्यांनाच ठाऊक! कानबाईच्या नारळाला नथ, डोळे, हिरवं लुगडं. रात्रभर अहिराणी गाणी.

सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन बाया निघतात. वाजंत्री पुढे, मागे फुगड्या, कडेला मिलची पाळी संपवून आलेले पुरुष. सुरतेत जन्मलेली मुलं घरी गुजराती-हिंदी मिसळून बोलतात, पण या वाटेवर अहिराणी गाणं त्यांच्याही तोंडी असतं. या पोरांसाठीच ही परंपरा टिकावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. या अंकात खानदेशातून आलेल्या कुटुंबांचे सण आहेत.