काचेवर 'जय भीम', पण आरसीवर नाव कोणाचं?

14 एप्रिलला अँटॉप हिलच्या गल्ल्यांतून जयंतीची मिरवणूक निघते. बाबासाहेबांची प्रतिमा ज्या गाडीवर ठेवलेली असते ती बहुतेक वेळा पिकअप असते. हौद्याला निळं कापड, पुढच्या काचेवर 'जय भीम', स्टेअरिंगवर आपलाच पोरगा. गाडी कोणाची रे, असं विचारलं की उत्तर मिळतं, 'शेठची आहे. आजच्या दिवसाचं भाडं ठरलंय.'

आज आम्हाला याच उत्तरावर बोलायचं आहे.

वडाळा ट्रक टर्मिनल आमच्या वस्त्यांना लागून आहे. संगम नगर, कोकरी आगार या भागातली कितीतरी घरं मालवाहतुकीवर जगतात. कोणी ड्रायव्हर, कोणी क्लीनर, कोणी हमाल. गाडी धुणारे आपले, भरणारे आपले, रात्री गाडीतच झोपणारे आपले. मालकाच्या खुर्चीत मात्र आपला माणूस शोधावा लागतो. याला नशीब म्हणायचं का?

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवा. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. त्या खात्यात पगार जास्त होता. म्हणजे विटाळाच्या नावाखाली अडवली गेली ती मिळकत. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आज पिकअपच्या स्टेअरिंगला हात लावायला कोणी अडवत नाही. आज अडवणूक होते ती भांडवलाच्या दारात.

मुंबईचा कचरा वाहणाऱ्या गाड्यांचंही हेच. गाडी ठेकेदाराची, घाण उपसणारे हात बहुतांशी दलितांचे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठे 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. साधन ज्याच्या नावावर, त्याचं चालतं. ते चालू द्यायचं नसेल तर संघटना लागते.

आता आमच्या पोरांच्या चर्चेकडे येऊ. चहाच्या टपरीवर गाड्यांची तुलना रंगते. बोलेरो पिकअप घ्यावी की टाटा योद्धा? की अशोक लेलँडची बडा दोस्त? पोरांचं ज्ञान पक्कं असतं. बोलेरोला अडीच लिटरचं चार सिलिंडर डिझेल इंजिन, योद्धाला 2.2 लिटरचं, बडा दोस्तला दीड लिटरचं. बोलेरोचं 1.7 टनाचं मॉडेल मिळतं, योद्धा दोन टनांपर्यंत जाते. बडा दोस्त चपट्या तोंडाची असल्यामुळे गल्लीत वळवायला बरी. 2005 साली आलेला पहिला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हाथी, दोन सिलिंडरवर पाऊण टन ओढायचा. तिथून इथवर गाड्या खूप पुढे आल्या.

ही तुलना चुकीची नाही, अपुरी आहे. तिच्यात आम्ही आणखी काही रकाने घालू इच्छितो.

पहिला रकाना परमिटचा. गाडीचं स्वतःचं वजन आणि माल मिळून 3,000 किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलात की परमिट आलं, त्याचा खर्च आला, एजंट आला. जास्त टनाची गाडी म्हणजे जास्त कमाई, हे गणित इतकं सरळ नाही.

दुसरा रकाना ओव्हरलोडचा. मालवाला म्हणतो, 'टाक अजून दहा पोती.' 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड 20,000 रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. कायदा जादा माल भरायला लावणाऱ्यालाही जबाबदार धरतो, पण पावती फाटते ती रस्त्यावर सापडलेल्या गाडीवाल्याची. म्हणून किती माल भरला ते लेखी घ्या.

तिसरा रकाना डिझेलचा. घाट चढायचा, लांबचा माल ओढायचा तर डिझेलला जोर आहे. पण जानेवारी 2025 मध्ये हवेच्या प्रदूषणावर सुनावणी करताना मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे तपासायला सांगितलं आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. फक्त शहरातच फेऱ्या मारणाऱ्याने पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर घेण्याआधी सीएनजीचाही हिशोब मांडावा.

चौथा रकाना सर्वांत मोठा. व्याज. समजा 8 लाखांचं कर्ज, मुदत 5 वर्षं. 11 टक्के दराने हप्ता बसतो सुमारे 17,400 रुपये. तेच कर्ज 16 टक्क्यांनी घेतलं तर सुमारे 19,450. महिन्याला दोन हजारांचा फरक, पाच वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास. मायलेजमधल्या एका किलोमीटरसाठी तासभर भांडणारी पोरं या सव्वा लाखाबद्दल एक शब्द बोलत नाहीत. स्वस्त दर कोणाला मिळतो? ज्याच्या नावावर घर आहे, ज्याच्याकडे तारण आहे, ज्याचा काका बँकेत ओळखीचा आहे. झोपडपट्टीचा पत्ता सांगणाऱ्याला महाग दर. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर जात इथे व्याजदर होऊन येते.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने सात वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवला. आईचे दागिने मोडून डाउन पेमेंट भरलं आणि पिकअप घेतली. पहिल्या दिवशी गाडी विहारासमोर आणून उभी केली, वस्तीला पेढे वाटले. मग 2020 चा लॉकडाऊन आला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते लांबवायची मुभा दिली. हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. पुढच्या वर्षी तीन हप्ते थकले आणि एका रात्री चार माणसांनी रस्त्यात गाडी अडवून चावी काढून घेतली. आज तो मुलगा तसल्याच गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे. 'जय भीम'चा स्टिकर त्याने नव्या शेठच्या गाडीवरही लावलाय.

त्या रात्री त्याला काय माहीत नव्हतं? गुंड लावून गाडी ओढून नेणं बेकायदेशीर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली प्रकाश कौर प्रकरणात बजावलं आहे. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश त्यानंतर, 2022 मध्ये आला. न्यायालयाने बजावलेलं त्याला माहीत नव्हतं, आणि आम्हीही त्याला वेळेवर सांगितलं नव्हतं. ही चूक चळवळीची आहे, आमचीही आहे. आम्ही त्याला जयंतीच्या वर्गणीसाठी भेटलो, कर्जाचा कागद वाचायला भेटलो नाही.

काही साथी म्हणतील, तुम्ही पोरांना भांडवलशाही शिकवताय. 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते आम्ही विसरलेलो नाही. पण ज्याच्याकडे स्वतःच्या श्रमाचं साधनही नाही, त्याला मालकीचा मोह सोड असं सांगणं ही कसली क्रांती? आम्हाला एकाला शेठ करून बाकी नऊ जणांना त्याचे क्लीनर करायचं नाही. दुसरे म्हणतील, नोकरी शोधा. कायम नोकऱ्यांची जागा कंत्राटाने घेतली हे सफाई खात्यात आपण पाहिलं आहे. आरक्षणाचा लढा चालूच राहील, पण तोवर ट्रक टर्मिनलवर उभ्या असलेल्या पोराने काय करायचं?

आमचं म्हणणं असं. एकट्याने गाडी घेऊ नका, गटाने घ्या. गावाकडे अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या अवजारांसाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदान देणारी सामाजिक न्याय विभागाची योजना आहे. साधन गटाच्या मालकीचं, हे तत्त्व सरकारने मान्य केलेलं आहे. तेच तत्त्व शहरातल्या गटांच्या मालवाहू पिकअपला लावा, ही मागणी आपण का करत नाही? महात्मा फुले महामंडळाच्या बीजभांडवल योजनेची मर्यादा अनेक वर्षं 5 लाखांची राहिली. त्यात नवी दीड-दोन टनाची पिकअप बसत नाही. ही मर्यादा वाढवा, हा मोर्चाचा विषय आहे.

आणि तोवर? दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास ठेवा. कर्जाचे कागद एकत्र वाचा. हलकं वाहन चालवण्याच्या साध्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने कायम केलं. हे पोरांना सांगा. कर्ज फिटलं की फायनान्सकडून एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. आणि आपल्या पोराचं जातप्रमाणपत्र वापरून दुसराच कोणी गाडी उचलत असेल तर त्याला वस्तीत उघडं पाडा.

पुढच्या जयंतीला बाबासाहेबांची प्रतिमा अशा गाडीवर ठेवू, जिच्या आरसीवर आपल्या गटाचं नाव असेल. भाडं न देता मिरवणूक निघेल तेव्हा त्या निळ्या कापडाला वेगळाच अर्थ येईल.

जय भीम!